शेजारी शून्य

दार उघडलं तर वर्गात मक्याची पोती,
आणि पोत्यांच्या वर, फळ्यावर,
मार्चमधल्या शुक्रवारची माझीच वजाबाकी:
चारशे दोन वजा एकशे सत्त्याऐंशी.
दोनातून सात जात नाहीत. शेजारी शून्य.
उसनं कुठून आणायचं, एवढंच विचारलं होतं मी
आणि घंटा झाली होती.
हेडमास्तर म्हणाले होते, महिनाभर.

बावीस महिने.

पोती हलवली. हजेरीपटाचा तळ उंदरांनी खाल्लेला,
खालची अकरा नावं मुलांनाच विचारून लिहिली.
पुकारताना गालाला अजून वारा लागतो:
जिंजाच्या रस्त्यावर बोडा चालवली मी,
मागे बसलेला विचारायचा, आधी काय करायचात?
मी गिअर बदलायचो.

तेन्यवा. हजर.
मिसरूड फुटलंय, गुडघे बाकात मावत नाहीत.
सरोवरावर मुकेने वाळवून विकली त्यानं,
सुट्टे पैसे देताना कधी चुकला नाही,
पण आकडा कागदावर आला की हात थरथरतो.

कागोया.
कागोया खिडकीबाहेर, पाठीला बाळ बांधून.
आत ये म्हटलं. म्हणाली, हा रडेल.
रडू दे की.
उद्या, म्हणाली.

किझा विचारतो, वहीवर नाव पेन्सिलीनं लिहू का, सर?
का रे?
परत बंद झाली शाळा तर कोरी म्हणून विकता येईल.

मुडोंडो.
मुडोंडो आहे. दिसतेय मला. हजर म्हणत नाही.

तिची मावशी सांगते, आधी अशी नव्हती हो.
रोज दहाला रेडिओवर शाळा लागायची,
एक बाई शिकवायची, मग विचारायची,
समजलं ना मुलांनो?
आणि पाच सेकंद थांबायची.
तेवढ्यात ही उठून उभी राहायची,
केळीच्या बागेपलीकडे ऐकू जाईल असं ओरडायची:
नाही, मॅडम! पुन्हा सांगा!
बाई म्हणायची, शाब्बास. पुढे जाऊ या.

रोज.
मग एक दिवस ही उठलीच नाही.
मग जेवायला हाक मारली तरी ओ देईना.
हल्ली पायात चप्पल घालूनच झोपते,
विचारलं तर भिंतीकडे तोंड करते.

जिल्ह्याहून कागद आला:
मुलांच्या मनाकडे विशेष लक्ष द्यावे.
वाचला म्हणून सही केली, शिक्का मारला.
खाली रकाने होते: बाक, खडू, हात धुण्याची बादली.

फळा मी पुसला नाही.
रोज तीच वजाबाकी. शेजारी शून्य असेल
तर पलीकडच्या घरी जायचं, तिथं चार आहेत,
एक मागायचा, शून्याच्या अंगणातून आणायचा.
वाटेत शून्य नऊ ठेवून घेतो.
लबाड आहे शून्य, तेन्यवा म्हणतो,
आमच्या दलालासारखा. मुलं हसतात.
मुडोंडो सोडून.

समजलं ना? विचारतो आणि थांबतो.
पाचाला पुढचं वाक्य जिभेवर येतं, सवयच ती.
गिळतो. सहा. सात.
खिडकीबाहेर बाळ कुरकुरतं. नऊ.
मुलं एकमेकांकडे बघतात, सर विसरले की काय.
बारा.
असे किती दिवस गेले, मोजले नाहीत.

मग एकदा किझाची पेन्सिल बाकाखाली गडगडली,
सगळे तिकडे वाकले,
आणि त्या गडबडीत
नाही, असं कोणीतरी म्हणालं.

बसूनच. माझ्याकडे न बघता.

मी खडू उचलला, ओल्या हातात तो चिकटला.
नाही म्हणजे, मुडोंडो, कुठपासून?

बराच वेळ गेला. मी मोजत नव्हतो.

चारापासून, म्हणाली.
त्यानं दिला का एक?